कान टोचला, पुढचं कोण सांगणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते. सुईशी रोजची गाठ, तरी लेकीच्या कानाच्या बाबतीत मी अडाणीच ठरले.

मे महिन्यात, बारावीची परीक्षा झाल्यावर, तिने कान वरच्या बाजूला टोचून घेतला. मुली त्याला 'हेलिक्स' म्हणतात. माझ्या आजीची बुगडी तिथंच होती, त्यामुळे मी नाही म्हटलं नाही. बाजारातल्या एका दुकानात गनचा खट्‌कन आवाज झाला, संपलं. पुढे काय करायचं, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "काही नाही, खोबरेल लावा आणि रोज फिरवत राहा." पावतीच्या मागे छापलेलं होतं : विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

आम्ही तेच केलं. वर सासूबाईंची हळद. सहाव्या दिवशी केस पुसताना टॉवेलच्या धाग्यात खड्याची मागची फिरकी अडकली आणि पोरगी किंचाळली. आपल्या सोलापुरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, मलाही त्याचा अभिमान आहे, पण ताज्या टोचलेल्या कानाला त्याच्याइतका वैरी नाही! दुसऱ्या दिवशी कान लालभडक, गरम, वरून सुजलेला. खालची पाळी मात्र जशीच्या तशी.

त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी नेमकं त्या पाळीकडेच बोट दाखवलं. सूज पाळी सोडून वर आहे, म्हणजे दुखणं कूर्चेचं, कानाला आकार देणाऱ्या मऊ हाडाचं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, वरच्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. तिथं पू धरला तर कूर्चा मरते आणि कान कायमचा चुरगळल्यासारखा राहतो. मला घाम फुटला. पाळी ६ ते ८ आठवड्यांत भरते, हा वरचा भाग ६ महिने ते वर्षभर घेतो, हेही तेव्हाच कळलं. आणि गनचं म्हणाल तर ती बोथट टोकाचा खडा नुसत्या जोरावर आत घुसवते. प्लास्टिकची असल्यामुळे वाफेच्या यंत्रात घालून निर्जंतुकही करता येत नाही. कूर्चेसाठी नवी, पोकळ, निर्जंतुक सुईच हवी.

मग आमची खरडपट्टी निघाली. चिकटू नये म्हणून फिरवायचं, हे आम्हा बायकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. पण फिरवलं की कडेची खपली आत ओढली जाते आणि आत धरू लागलेली नवी कातडी फाटते. पांढुरकं पाणी येऊन सुकणं ठीक आहे, ते नखाने खरवडायचं नाही. हिरवट-पिवळा पू, ठणका, ताप आला तर मात्र थांबायचं नाही. स्पिरिट नको, तेल-हळद नको. आमच्याकडे नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पिंपातल्या पाण्यात मीठ घालून मी कान धूत होते. कूर्चेला बाधणारे जंतू अशाच साठवणीच्या पाण्यात असू शकतात म्हणे. मेडिकलमध्ये नॉर्मल सलाईन मिळतं, ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. हात साबणाने धुऊन दिवसातून दोनदा तेवढंच लावायचं, स्वच्छ गॉजने टिपायचं.

सासूबाई म्हणत होत्या, खडा काढून टाक. तसं परस्पर करायचं नव्हतं. भोक बाहेरून मिटतं आणि पू आतच कोंडतो. मॅडमनी गोळ्या दिल्या, सुजेत रुतलेला आखूड खडा बदलून लांब दांडीचा टायटॅनियमचा घातला. त्या कुशीवर झोपणं बंद, फोन दुसऱ्या कानाला. स्कूटीवर स्कार्फ बांधायचा तो सैल. सोलापूरच्या मे महिन्यात स्कार्फ सोडा, असं कोण सांगणार?

आता सात महिने झाले. कान वाचला, खडा अजून तोच आहे. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरेल. होम मैदानावर पोरींची हौस उफाळून येणार, त्यांना अडवायचं माझ्या मनात नाही. दुकानदारांनी आणि स्टॉलवाल्यांनी एवढंच करावं : पाळीच्या वर गन लावू नये आणि पुढची काळजी मराठी, तेलुगू, कन्नडमध्ये छापलेली एक चिठ्ठी हातात द्यावी. वेगळा कागद नको असेल तर पावतीच्या मागे छापा. माल परत घेणार नाही, ते आम्हाला ठाऊक आहे.

– गणवेश शिवणारी एक आई,
अशोक चौक परिसर, सोलापूर