'डू यू अंडरस्टँड?' शुद्ध आहे, पण सौम्य नाही

महोदय,

समोरच्याला कळले की नाही हे इंग्रजीत कसे विचारावे आणि स्वतःला कळले, न कळले हे कसे सांगावे, याचा स्वतंत्र धडा संभाषणाच्या प्रत्येक वर्गात हवा. इथल्या चुका व्याकरणाच्या कमी आणि माणूस दुखावणाऱ्या जास्त असतात.

'डू यू अंडरस्टँड?' या वाक्यात काहीच अशुद्ध नाही. तरीही सहकाऱ्याला किंवा ग्राहकाला ते दटावल्यासारखे वाटते, कारण न कळण्याचा दोष ऐकणाऱ्यावर जातो. 'इज दॅट क्लिअर?' तर बहुधा ताकीद दिल्यावर येते. आपल्याकडेही 'कळलं का?' आणि 'मला नीट सांगता आलं का?' यांत हाच फरक आहे. म्हणून 'डझ दॅट मेक सेन्स?' किंवा 'हॅव आय एक्स्प्लेन्ड दॅट क्लिअरली?' म्हणावे.

पण त्यालाही संकोचाने नुसते 'येस' येऊ शकते. 'एनी क्वेश्चन्स?'पेक्षा 'व्हॉट क्वेश्चन्स डू यू हॅव?' बरे, प्रश्न असणारच, हे त्यात धरलेले असते. औषध कसे घ्यायचे यासारख्या बाबतीत तर ऐकणाऱ्याकडूनच वदवून घ्यावे: 'आय वॉन्ट टु बी शुअर आय एक्स्प्लेन्ड इट वेल. कुड यू टेल मी हाउ यू विल टेक दीज टॅब्लेट्स?' आरोग्यसेवेत या पद्धतीला 'टीच-बॅक' म्हणतात. तिच्यात परीक्षा सांगणाऱ्याची असते, आणि पहिल्या वाक्याने ते उघड करणे फार महत्त्वाचे.

उत्तर देताना मराठी आड येते. 'कळलं' हे रूप भूतकाळाचे, म्हणून आपण 'आय अंडरस्टुड' म्हणतो. इंग्रजीत तिथे वर्तमानकाळ लागतो: 'आय अंडरस्टँड', नवी माहिती मिळाली असेल तर 'आय सी'. तिथे 'आय नो' म्हटले तर 'हे मला आधीच ठाऊक होते' असा अर्थ होतो आणि सांगणारा हिरमुसतो. 'समजत नाहीये'वरून केलेले 'आय ऍम नॉट अंडरस्टँडिंग'ही टाळावे, कारण हे क्रियापद स्थिती दाखवते, चालू क्रिया नव्हे.

कळले नाही म्हणताना नेमके काय अडले ते सांगावे. ऐकू आले नसेल तर 'सॉरी, आय डिडन्ट कॅच दॅट'. ऐकू आले पण अर्थ लागला नाही तर 'आय डिडन्ट क्वाइट फॉलो द लास्ट पार्ट'. पहिल्यात समोरचा तेच पुन्हा म्हणेल, दुसऱ्यात वेगळ्या शब्दांत सांगेल. एकट्या 'सॉरी?'चा सूर शेवटी वर न्यावा. खाली आला तर ती माफी ठरते. 'शंका आहे'साठी 'आय हॅव अ डाउट' आपल्याकडे चालते, पण भारताबाहेर त्यातून 'तुमचे म्हणणे मला पटत नाही' असे ध्वनित होऊ शकते. तिथे 'क्वेश्चन' हाच शब्द वापरावा.

ईमेलच्या शेवटी 'होप यू अंडरस्टँड' लिहितानाही जपावे. नकार दिल्यावर 'समजून घ्याल' या अर्थाने ते शोभते. सूचना पाठवताना मात्र 'प्लीज लेट मी नो इफ एनीथिंग इज अनक्लिअर' लिहावे.

– इंग्रजी संभाषणाचे एक शिक्षक