‘घरात खायला काहीच नाही!’

संपादक महोदय,

किशोरवयीन मुलांच्या या तक्रारीचा अर्थ बहुधा ‘५ मिनिटांत, न शिजवता खाण्याजोगं काही नाही’ असा असतो. वाद घालण्याआधी पालकांनी फ्रिज उघडून पाहावा. अपारदर्शक डब्यात मागे सरकलेलं अन्न मुलांना दिसतच नाही. चिरलेली फळं, उकडलेली अंडी, उरलेलं जेवण पारदर्शक डब्यांत, तारीख लिहून, नजरेसमोरच्या कप्प्यात ठेवावं. शिजवलेलं अन्न ३-४ दिवसांत संपवावं, कवचासकट ठेवलेली उकडलेली अंडी आठवड्याभरात. वाढीच्या वयात भूक खरोखरच वाढते. जेवणाचं प्रमाण जुनंच राहिलं असेल, तर तक्रार रास्त आहे. सामानाच्या यादीत दोन पदार्थ मुलांनीच लिहावेत (आणि आठवड्यातून एकदा रांधावंही!). तक्रार येताच बाहेरून मागवलं, की घरातलं पडून राहतं.

– एक आहारतज्ज्ञ