एक पेप्टाइड आपण आधीच वाया घालवले आहे

प्रति,
मा. संपादक,

विषय : जनावरांच्या उपचारात प्रतिजैविकांऐवजी 'पेप्टाइड'

महोदय,

मागच्या आठवड्यात आपल्या शेतीच्या पानावर प्रतिजैविकांना, म्हणजे जंतू मारणाऱ्या औषधांना, पेप्टाइडचा पर्याय आल्याचा मजकूर वाचला. दुसऱ्या दिवशी सकाळी संकलन केंद्रावर कॅन घेऊन उभ्या असलेल्या तिघांनी मला तोच प्रश्न केला, "आण्णा, ही सडात सोडायची नवी ट्यूब दुकानात कधी यायची?" मी गावच्या दूध संस्थेत चौदा वर्षे सचिव होतो, त्यामुळे असले प्रश्न माझ्याकडे येतात. तिघांना जे सांगितले तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी माझीच चूक सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाईच्या मागच्या उजव्या सडाला दगडी, म्हणजे कासदाह झाला. धार काढायला बसलो तर कास तापलेली, आणि दुधात कवड्यांसारख्या गाठी. डॉक्टरांना फोन करायचा सोडून औषध दुकानातून ट्यूब आणली आणि सडात सोडली. उतार पडला नाही म्हणून दुसऱ्या कंपनीची सोडली. मग कुणीतरी सांगितले म्हणून इंजेक्शनही दिले. पाचव्या दिवशी सरकारी डॉक्टर आले आणि त्यांनी दुधाचा नमुना तपासायला पाठवला. अहवाल यायला आठवडा लागला, तोवर तो सड कायमचा गेला होता. अहवालात सात औषधांची नावे होती आणि पाचांपुढे 'आर', म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाहीत. आम्ही सोडलेल्या दोन्ही ट्यूब त्या पाचांत निघाल्या.

त्या दिवसांत दूध संस्थेला घातले नाही, एवढे तरी भान होते. पण उरलेल्या तीन सडांचे दूध घरात वापरले. घरच्यांनी रात्री विरजण लावले, सकाळी पातेल्यात दूध जसेच्या तसे पातळ. औषध रक्तातून चारही सडांत उतरते आणि दही लावणारे जंतूही मारते. हे मला कुठल्या यंत्राआधी त्या पातेल्याने सांगितले.

माझी पुतणी शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात शिकते. आपला अंक मी तिच्यापुढे ठेवला. ती म्हणाली, "काका, बातमी खोटी नाही, पण मथळा फार पुढे धावलाय." पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचाच लहान तुकडा. जंतूच्या पापुद्र्यावर ऋण भार असतो आणि या तुकड्यांवर धन भार, म्हणून ते तिथे जाऊन चिकटतात आणि पापुद्र्याला भोके पाडतात. जंतूला आपला सगळा पापुद्राच बदलणे अवघड जाते, त्यामुळे प्रतिकार सावकाश तयार होतो. सावकाश होतो, पण होतोच, हे तिने दोनदा सांगितले.

हे औषध कुणी नव्याने शोधले असेही नाही. गाईच्या श्वासनलिकेच्या अस्तरात असे पेप्टाइड 1991 मध्ये सापडले. दुधात आणि त्याहून कितीतरी जास्त चिकात लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन असते, ते पचताना त्यातूनही असाच एक तुकडा सुटतो. आपण वासराच्या तोंडचा चीक काढून खरवस करतो, तेव्हा काय काढून घेतो याचा हिशेब कधी करत नाही. 1987 मध्ये अमेरिकेत मायकेल झॅस्लॉफ यांच्या लक्षात आले की, शस्त्रक्रिया केलेले बेडूक घाण पाण्याच्या टाकीत सोडले तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. त्या बेडकांच्या कातडीतून मॅगेनिन नावाचे पेप्टाइड मिळाले. त्यावर बेतलेले मलम माणसांसाठी तयार झाले आणि 1999 मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने ते नाकारले. बेडकाला कळले ते आपल्या हाती यायला एवढा वेळ लागतो, कारण पोटातले पाचक रस आणि रक्तातली विकरे हे तुकडे चटकन तोडतात, काही तुकडे रक्तातल्या तांबड्या पेशीही फोडतात, आणि बनवायला खर्च फार येतो.

दुधाच्या धंद्याला सगळ्यात जवळचे पेप्टाइड म्हणजे नायसिन. दुधातलेच जंतू ते बनवतात, 1928 पासून माहीत आहे आणि चीज टिकवायला जगभर वापरतात. त्याची सडात सोडायची ट्यूब करण्याचे प्रयत्न दोन दशकांहून जास्त काळ चालू आहेत. मात्र दगडी करणाऱ्या सगळ्या जंतूंवर ते चालत नाही. शेणातून सडात शिरणारा ई-कोलाय हा जंतू त्याला सहसा भीक घालत नाही. आणि ते दुधात उतरले तर विरजणाचे काय, हा प्रश्न उरतोच.

आता मुद्द्याचे. ज्याला आपण नवा पर्याय म्हणतो आहोत, त्यातला एक आपण आधीच वाया घालवलेला आहे. कोलिस्टिन हेही पेप्टाइडच. माणसांच्या मूत्रपिंडाला सोसत नाही म्हणून डॉक्टरांनी ते मागे ठेवले होते, पुढे बाकी औषधे हरली तेव्हा अतिदक्षता विभागात शेवटचा उपाय म्हणून पुन्हा बाहेर काढले. इकडे तेच कोंबड्यांच्या खाद्यात पडत होते. आजारासाठी नव्हे, वजन वाढावे म्हणून! 2015 मध्ये चीनमध्ये डुकरांच्या जंतूंत कोलिस्टिन निकामी करणारे जनुक सापडले, आणि तेही एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाणारे. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कोंबड्यांत आणि खाद्यात त्यावर बंदी घातली. विट्याच्या बाजूला ज्यांचे पोल्ट्रीचे शेड आहेत त्यांना हे नाव नवे नाही. बॅसिट्रासिनही त्यांना माहीत असेल, तेही पेप्टाइडच आणि तेही खाद्यातलेच.

तेव्हा उद्या खरोखर चांगली पेप्टाइड ट्यूब आली आणि ती याच दुकानात, याच पद्धतीने, "कालची उतरली नाही, ही दुसरी न्या" म्हणत मिळू लागली, तर तिचेही कोलिस्टिन व्हायला वेळ लागणार नाही.

माझ्या दोन मागण्या आहेत, एक पशुसंवर्धन विभागाकडे आणि एक आपल्याकडे.

सांगली आणि सातारा जिल्ह्यांत इतके दूध गोळा होते, तर दगडीच्या नमुन्याचा अहवाल तालुक्याच्या ठिकाणी दोन-तीन दिवसांत मिळाला पाहिजे. शहाणा माणूस डॉक्टरांचे ऐकून नमुना पाठवतो आणि अहवाल सड गेल्यावर येतो, मग पुढच्या वेळी तो सरळ दुकानात जातो. त्याला तरी काय बोलणार?

आणि आपण रोज हळदीचा, बेदाण्याचा भाव छापता. त्याच पानावर आठवड्यातून एकदा एक चौकट द्या. औषध दिल्यावर दूध किती दिवस घालायचे नाही ते वेष्टनावर छापणे 2012 च्या नियमाने बंधनकारक आहे, आणि तसे छापलेले नसेल तर दूध-अंड्यांसाठी किमान सात दिवस, मांसासाठी 28 दिवस धरायचे. हे मला सचिव असताना माहीत नव्हते, सांगायला लाज वाटते. चौकटीत जागा उरली तर एवढेही छापा : धार काढल्यावर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा आणि लगेच गव्हाणीत वैरण टाका, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहते. तोवर सडाचे तोंड मिटते. आम्ही दिवाळीपासून करतो आहोत. द्रावणाची बाटली गोठ्याच्या खुंटीला टांगली आहे, आणि राहिलेले तीन सड अजून चांगले आहेत.

आपला,
एक दूध उत्पादक
वाळवा तालुका, जि. सांगली