आवाजामागे कोण उभे आहे?

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेली ध्वनिफीत मी पुन्हा पुन्हा ऐकली. यंत्राने वाचलेले मराठी बातमीपत्र इतके स्वच्छ असेल, असे मला वाटले नव्हते. कुठे 'ळ'चा 'ल' झालेला नाही, विराम योग्य जागी आहेत आणि 'कवठे महांकाळ', 'आटपाडी' ही नावेही बिनचूक उच्चारली आहेत. खाली तू एवढेच विचारले आहेस, की आता निवेदकाची गरज काय उरली? तू गेली कित्येक वर्षे बेंगळुरूत संगणकाच्या क्षेत्रात काम करतो आहेस, मी कृष्णाकाठच्या एका छोट्या सामुदायिक रेडिओ केंद्रावर बोलतो आहे, आणि हा प्रश्न आपल्या दोघांच्याही पोटापाण्याला भिडणारा आहे. त्यामुळे फोनवर दोन वाक्यांत तो उरकावासा वाटला नाही.

पहिली गोष्ट सरळ मान्य करतो. उच्चार, दमसास, वाक्याची लय ही निवेदकाची मिरास आहे असे आम्ही मानत आलो. ती मिरास आता आमची एकट्याची राहिलेली नाही. पहाटेच्या प्रसारणाला यंत्राचा घसा बसत नाही आणि दहा तास बोलूनही ते थकत नाही. केवळ चांगले वाचता येते एवढ्या भांडवलावर जो या खुर्चीत बसला असेल, त्याने काळजी करावी हे खरेच.

पण पोलंडमध्ये काय घडले ते पाहा. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये 'ऑफ रेडिओ क्राकूव' या केंद्राने माणसांच्या जागी कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेले तीन निवेदक आणले. त्या केंद्रावरून विस्वावा शिंबोर्स्का या नोबेलविजेत्या कवयित्रीची 'मुलाखत' प्रसारित झाली. शिंबोर्स्का 2012 सालीच गेल्या होत्या. तीन महिन्यांसाठी योजलेल्या त्या प्रयोगावर टीकेचा एवढा भडिमार झाला, की तो काही दिवसांतच आवरता घेण्यात आला. सिडनीच्या एका केंद्रावर याच्या उलट झाले. तिथली निवेदिका यंत्राने घडवलेली होती, ती कित्येक महिने रोजचा कार्यक्रम सादर करत होती, आणि श्रोत्यांना ही गोष्ट 2025 मध्ये, तीही बाहेरून बोभाटा झाल्यावर कळली. मला दुसरी घटना अधिक अस्वस्थ करते. क्राकूवच्या लोकांना निदान कशावर रागवायचे हे ठाऊक होते. सिडनीच्या श्रोत्यांना आपण कुणाचे ऐकतो आहोत हेच सांगितले गेले नव्हते.

आता आमच्या गावाकडे येतो. आमच्या केंद्राची मर्यादा तुला माहीत आहे: 100 वॉटचे प्रक्षेपण, फार तर दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, आणि स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. मात्र हवामान, पाणीपुरवठा, आपत्तीची सूचना हे सारे देता येते. पावसाळ्यात कोयना धरणातून विसर्ग वाढला, की या टापूत प्रत्येकाला एकच आकडा हवा असतो, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोक्याची. 2019 च्या ऑगस्टमध्ये तर पाणी 57 फुटांच्याही वर गेले होते. हा आकडा सांगताना निवेदक नुसते वाचन करत नाही. आधी तो आकडा कुणाकडून आला आणि किती वाजताचा आहे हे विचारून घ्यावे लागते. खात्री होत नसेल तर ध्वनिक्षेपकासमोर तसे स्पष्ट सांगावे लागते. "सहा वाजताची पातळी हाती आलेली नाही, पाचची सांगतो" हे वाक्य उच्चारायला चांगला आवाज लागत नाही; ते वाक्य न उच्चारल्यास काय होईल याची धास्ती लागते. कारण ते ऐकून कुणीतरी गोठ्यातली म्हैस सोडणार असतो, कुणीतरी म्हाताऱ्या आईला माडीवर नेणार असतो. सांगण्यात चूक झाली तर तीच माणसे दुसऱ्या दिवशी चौकात मला गाठून जाब विचारतील. तुझ्या ध्वनिफितीतल्या आवाजाला जाब कुणी आणि कुठे विचारायचा? माझे उत्तर एवढेच आहे, सुहास: आवाजामागे उभे राहणारे, नावानिशी सापडणारे माणूस हवे. बाकी सगळ्या बाबतींत मी तुझ्याशी तडजोड करायला तयार आहे.

जाता जाता एक योगायोग सांगतो. 23 जुलै 1927 रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे उद्घाटन ज्यांनी केले, त्याच व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव आपल्या या पुलाला आहे. ती कंपनी तीन वर्षेही तग धरू शकली नाही आणि प्रसारण सरकारला हाती घ्यावे लागले. रेडिओचा खर्च कुणी सोसायचा, हा प्रश्न रेडिओइतकाच जुना आहे. माणसे काढून यंत्र बसवण्याचा मोह त्याच प्रश्नातून येतो हे मी समजू शकतो.

दुसरी गोष्ट, जी मला तुझ्याशी फार दिवसांपासून बोलायची होती, ती एकाच वेळी ऐकण्याची. आपल्या गल्लीत सकाळी आधी संस्कृत वार्ता आणि मग पुणे केंद्राच्या सात-पाचच्या बातम्या घराघरांतून एकाच क्षणी ऐकू येत, आणि त्यावरून कुणाला शाळेला उशीर झाला आहे हे ठरे. आता तेच प्रसारण फोनवरच्या ॲपवरून ऐकले तर ते काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही मागे असते, कारण आवाजाचे तुकडे साठवून मग वाजवले जातात. मी "आठ वाजले" म्हणतो तेव्हा ट्रान्झिस्टरवर आठ वाजलेले असतात आणि फोनवर वाजायचे असतात. ही तांत्रिक बाब तुला किरकोळ वाटेल, पण या पद्धतीत प्रत्येक श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह सोडावा लागतो, आणि एकदा प्रवाह वेगळा झाला की त्यातला मजकूरही प्रत्येकासाठी वेगळा करण्याची सोय आपोआप होते. प्रक्षेपकाचे तसे नाही. ऐकणारे दहा असोत वा दहा हजार, त्याला वीज तेवढीच लागते आणि सगळ्यांना मिळते तेही एकच. द्राक्षावरच्या भुरी रोगाची माहिती ऐकायला बसलेल्या शेतकऱ्याच्या कानावर मागोमाग रक्तदान शिबिराची सूचना पडते आणि मग कुणा परीटवाडीच्या आजींची ओवी पडते. यांतले त्याने काहीही मागितलेले नसते. फोन त्याला त्याच्या आवडीचेच देत राहील. शेजाऱ्याला काय हवे आहे ते त्याला कळण्याची वाट मात्र बंद होईल.

आणि फोनमध्ये रेडिओ ऐकणेही अवघड होत चालले आहे. एफएमसाठी हेडफोनची तारच अँटेना म्हणून वापरली जाते. फोन बनवणाऱ्यांनी ती तार खुपसायचे भोक काढून टाकले, तारा गेल्या, आणि त्यांच्याबरोबर रेडिओही गेला. अनेक फोनांत तर आतली सोय असूनही ती बंद ठेवलेली असते. एफएमची सोय बंद ठेवू नये असे केंद्र सरकारने 2023 च्या एप्रिलमध्ये उत्पादकांना कळवले आणि त्यात आपत्तीचे कारण मुद्दाम नमूद केले. पुरात मोबाइलचे मनोरे बंद पडतात, चार्जिंग संपते. पेन्सिल सेलवरचा रेडिओ त्यानंतरही कितीतरी दिवस चालतो. तुझ्या ओळखीत फोनच्या आराखड्यांवर काम करणारे कुणी असतील, तर त्यांच्यापर्यंत ही गोष्ट जरूर पोहोचव.

आता माझे काम. आमच्या संगणकात आसपासच्या गावांतल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांची ध्वनिमुद्रणे साठली आहेत. फायलींना नुसत्या तारखा आहेत. कोणत्या फायलीत कोण गायले आहे, हे शोधायला आख्खी दुपार जाते. तुझे यंत्र ती ऐकून अक्षरांत उतरवून देईल, ओळीवरून शोधता येईल अशी सूची करून देईल, तर ते आम्हाला हवे आहे, आणि लवकर हवे आहे. खेड्यातली बोली त्याला नीट कळणार नाही; चुका दुरुस्त करायला मी आणि केंद्रावरच्या दोघी मुली बसू. अट एकच. यांतल्या काही आजी आता नाहीत. त्यांच्या आवाजावरून नवा आवाज घडवून त्यांनी न गायलेले काहीही त्यांच्या तोंडी घालायचे नाही. आणि मूळ ध्वनिमुद्रण केंद्राबाहेर न्यायचे असेल तर त्यांच्या घरच्यांना आधी विचारायचे. हे तुझ्या कंपनीकडून लेखी मिळत असेल तर पुढे जाऊ, नाहीतर तू एकट्याने, सुटीत, आमच्याच संगणकावर करून दे.

दिवाळीत येशील तेव्हा मोठी हार्ड डिस्क घेऊन ये. पैसे मी देईन. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. उत्तर सविस्तर लिही, आणि माझे कुठे चुकते आहे असे वाटले तर भीड न ठेवता लिही.

तुझा,
मोहन