स्टॅटिन म्हणजे कर्करोगावरची लस नव्हे

स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घेतली की कर्करोग टळतो, असे सांगणारा रविवारच्या पुरवणीतील कोलेस्टेरॉल व कर्करोगावरचा लेख वाचला. नव्या पेशींच्या आवरणाला कोलेस्टेरॉल लागते, त्यामुळे झपाट्याने वाढणाऱ्या गाठीला ते जास्त लागते, इथवर सहमत. कोलेस्टेरॉलपासून शरीरात बनणारा एक घटक इस्ट्रोजेन या स्त्रियांच्या संप्रेरकासारखा वागून स्तनाच्या गाठी वाढवतो, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, पण उंदरांमध्ये! त्यावरून ‘स्टॅटिन घ्या, कर्करोग टाळा’ ही लेखाची उडी पटली नाही. स्टॅटिनच्या २७ चाचण्यांतील सुमारे १ लाख ७५ हजार जणांची माहिती २०१२ मध्ये एकत्र तपासली गेली. साधारण पाच वर्षांच्या त्या काळात स्टॅटिनमुळे कर्करोगाचे प्रमाण घटले नाही (आणि वाढलेही नाही).

सोमवारी सकाळीच एक काकू कात्रण घेऊन माझ्या औषधांच्या दुकानात आल्या. ‘यातली गोळी द्या, महिन्याभराची.’ चिठ्ठी नाही, कोलेस्टेरॉल कधी तपासलेले नाही. हृदयविकारासाठी डॉक्टरांनी दिलेली स्टॅटिनची गोळी कोणी बंद करू नये. तिथे तिचा उपयोग सिद्ध झालेला आहे. कर्करोगाबाबतचा खुलासा मात्र येत्या रविवारी त्याच पानावर छापावा.

– एक औषधविक्रेता, सातारा