वरचा स्वल्पविराम आणि आपला अनुस्वार

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याची, मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवून रिटायर झाले. परवा भाचीचं ऑफर लेटर वाचायला घेतलं तर त्यात ‘थ्री मंथ’स नोटीस’, आणि मग आपल्या पेपरातल्या नोकरीच्या जाहिराती बघितल्या तर तिथेही ‘फाइव्ह इयर’स एक्सपिरियन्स’. अपॉस्ट्रॉफी, म्हणजे तो वरचा स्वल्पविराम, एसच्या आधी टाकली की महिना एकच होतो हो, मग पुढे थ्री कशाला? एक महिना असेल तर मंथ’स, तीन असतील तर मंथ्स’, म्हणजे एस लिहून झाल्यावर अपॉस्ट्रॉफी, एवढंच आहे ते.

आणि मराठी माणसाला हे अवघड जायचं कारणच नाही, कारण आपण नेमकं हेच अनुस्वाराने करतो. महिन्याची नोटीस, तीन महिन्यांची नोटीस. दिवसाची रजा, दोन दिवसांची रजा. ‘न्यां’वरचा तो टिंब जे सांगतो तेच इंग्रजीत अपॉस्ट्रॉफीची जागा सांगते. मी वर्गात असंच शिकवायचे, आधी मराठीत म्हणा, चा-ची-चे आलं तर अपॉस्ट्रॉफी लागणार, आणि अनुस्वार आला तर ती एसच्या नंतर. ‘तीन महिने थांबा’ यात चा-ची नाही, तिथे नुसतं मंथ्स. एका ठिकाणी मात्र ही युक्ती फसते, ‘दहा वर्षांचा मुलगा’. त्याला इंग्रजीत टेन-इयर-ओल्ड बॉय, मध्ये आडव्या रेघा, एस पण नाही आणि अपॉस्ट्रॉफी पण नाही. नोटीसचंही तसंच, थ्री-मंथ नोटीस असं रेघ देऊन लिहिलं तर प्रश्नच मिटला.

कुणी म्हणेल एवढ्याशा चिन्हाने काय बिघडतं. पण नोटीस, पगार, रजा हे सगळं मुदतीवरच चालतं ना, आणि कायदा लिहिणाऱ्यांनी हे नीट सांभाळलंय. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचं (2025 मध्ये त्याच्या जागी नवी संहिता आली) कलम 25 एफ काढून बघा, कामगाराला कमी करायचं तर आधी ‘वन मंथ’स नोटीस’ आणि लगेच खाली भरपाई ‘फिफ्टीन डेज’ ॲव्हरेज पे’, दोन्ही रूपं एकाच कलमात होती. तेव्हाच रद्द झालेल्या 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्यातही ‘फिफ्टीन डेज’ वेजेस’. मग आजच्या एचआरच्या पत्रातच का चुकावं?

गेट-टुगेदरच्या बॅनरवर ‘1990’स बॅच’ लिहितात तेही चूकच वाटतं मला, ते दशक म्हणायचं असेल तर नुसतं 1990स, आणि 19 गाळलं तर अपॉस्ट्रॉफी पुढे, ’90स, कारण तिथे ती गाळलेल्या आकड्यांच्या जागी येते.

वाईट याचं वाटतं की हल्ली मराठीतला अनुस्वार पण जायला लागलाय, ‘पाच वर्षाचा अनुभव’ असं सर्रास टाइप करतात, आणि मग मुलांना एक की अनेक हे दोन्ही भाषांत कळेनासं होतं. तुमच्याकडे जाहिरात तपासणारं कुणी असेल तर त्यांना एवढंच सांगा, की छापायच्या आधी इयर, मंथ, वीक, डे या चार शब्दांवरून एकदा नजर फिरवा, मराठी जाहिरात असेल तर वर्षांचा, महिन्यांचा वर टिंब आहे का तेही बघा. भाचीला मी पत्र दुरुस्त करून मागायला लावलंय, उत्तर अजून आलेलं नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा