ड्रम उशिरा येतो, त्याविषयी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

स्नेहसंमेलनात तुमचा बँड एक्स जपान या जपानी रॉक बँडचे ‘एंडलेस रेन’ हे गाणे सादर करणार आहे, परंतु त्यात ड्रमला फारसे काम नाही, अशी तक्रार तू केलीस. त्यानंतर मी ते गाणे मन लावून ऐकले. मला जपानी येत नाही. पण गाण्यात आयुष्य गेले आहे, त्या आधाराने लिहिते.

हे गाणे 1989 सालच्या ‘ब्लू ब्लड’ या अल्बममधले. ते रचणारा योशिकी त्या बँडचा ड्रमवादक आहे, आणि तोही असा की दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवत गाणे अफाट वेगाने पळवणारा. त्या आवेशापायी पुढे त्याला मानेवर शस्त्रक्रिया करून घ्याव्या लागल्या. एवढी ताकद ज्याच्या हातापायांत आहे, तो स्वतःच्या गाण्याचा आरंभ पियानोवर सोपवतो आणि ड्रमला थांबवून ठेवतो, हे मला या गाण्यातले सर्वांत मोठे धाडस वाटते. ड्रम नसताना जी पोकळी जाणवते, तीच या गाण्याची उदासी आहे, आणि ती राखणे हे तुझेच काम आहे.

चाल शुद्ध गंधाराची, म्हणजे कागदावर पाहिली तर प्रसन्नच म्हणावी अशी. तरीही ऐकताना गळा दाटतो. ध्रुवपदाशी नीट कान लाव: त्यांचा गायक तोशी याचा उंच, काहीसा धारदार आवाज वर चढू पाहतो आणि त्याच वेळी खालचा बासचा स्वर एकेक पायरी उतरत जातो. या दोन विरुद्ध दिशांच्या ओढाताणीत दुःख आपोआप उभे राहते, म्हणून गायकाने वेगळे रडण्याची गरज नाही. तुमच्या गायकालाही हे अवश्य सांग. शब्दांत पावसाला विनवणी आहे की मनाच्या जखमेवर कोसळ आणि सारा द्वेष, सारे दुःख विसरू दे. आपल्याकडे पावसाची वाट पाहिली जाते ती पेरणीसाठी किंवा प्रियजनासाठी. विसरण्यासाठी पाऊस मागणे मला नवे होते आणि ते फार भिडले.

योशिकी दहा वर्षांचा असताना त्याचे वडील गेले. हे गाणे त्याच दुःखाचे आहे असे मी म्हणणार नाही, परंतु ऐकताना ते मनातून जातही नाही. पुढे 1998 मध्ये गिटारवादक हिदे अवघ्या 33 व्या वर्षी गेला. मैफलीत वाद्ये थांबतात आणि हजारो श्रोते ध्रुवपद एकट्याने गात राहतात, त्या सामुदायिक गाण्याला तेव्हापासून शोकाचेही वजन आले असावे.

आता तुझ्यापुरते. ड्रम आला की लय चढवू नकोस; पियानोने जी लय बांधली, तीच पुढे ने. स्नेअरचा आघात भरीव असू दे, पण दोन आघातांमधली जागा फिल टाकून बुजवू नकोस. शेवटच्या ध्रुवपदापर्यंत हात राखून ठेवलास तर तिथे मोकळा सोडलेला एक रोलही पुरेसा होईल.

पुढच्या तालमीचे रेकॉर्डिंग पाठव. गायकाला मूळ पट्टी झेपत नसेल तर संकोच न करता एक स्वर खाली घ्या, आणि तसे मला कळव.

तुझी,
आई